फ्री डिशवरचे चॅनल गेले? आधी मोजा, मग गच्चीवर चढा



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या घटकावर नाही. पण गेल्या काही वर्षांत पालकसभेत मला अभ्यासाचे जेवढे प्रश्न विचारले गेले, जवळजवळ तेवढ्याच वेळा हा एक प्रश्न आला आहे: "बाई, घरच्या टीव्हीवरचं अमुक चॅनल गेलंय. काय करू?"

हा प्रश्न पहिल्यांदा आला तो २०२० च्या पावसाळ्यात. शाळा बंद होत्या. त्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली होती. आमच्या वस्तीवर निम्म्या घरांत स्मार्टफोन नव्हता, असला तरी रेंज नव्हती. पण छतावर छत्री बऱ्याच घरांवर होती. एकदा पैसे घालून बसवायची, मग महिन्याचं काही देणं नाही. म्हणून मी वर्गातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की रोज सह्याद्री लावायचं आणि दुसऱ्या दिवशी मला काय पाहिलं ते सांगायचं. पाचवीतली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस "काही दिसलं नाही" म्हणायची. मला आधी वाटलं, कारणं सांगतेय. खरं सांगायचं तर एकदा रागावलेसुद्धा तिच्यावर.

तिच्या वडिलांनी तालुक्याच्या गावातून एका मेकॅनिकला आणलं होतं. त्याने बॉक्स उघडून पाहिला, म्हणाला आतून खराब झालाय, नवीन घ्या. त्या दिवसांत मजुरी बंद असलेल्या घरात दीड हजार रुपये म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मी घरी गेले तेव्हा टीव्ही चालू होता, त्यावर हिंदी सिनेमा अगदी स्वच्छ दिसत होता. सह्याद्री मात्र नाही. "सिनेमा दिसतो, मग शाळाच कशी दिसत नाही?" असं तिची आजी मला विचारत होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर मला नंतर सापडलं. ते सांगण्याआधी आकाशातून आपल्या घरात चॅनल येतात कसे, हे थोडं पाहू.

चॅनल एकेकटं येत नाही

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली, तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. आज ही सेवा जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला. तो विषुववृत्ताच्या वर, जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा असतो, म्हणून छत्री एकदा नीट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही.

उपग्रहावर ट्रान्सपॉन्डर नावाची यंत्रं असतात. वर्गात सांगताना मी त्याला एसटी म्हणते. एका एसटीत पंधरा-वीस प्रवासी बसून येतात, तसं एका ट्रान्सपॉन्डरवर पंधरा-वीस चॅनल एकत्र येतात. प्रत्येक एसटीला गाडी नंबर असतो, तसा प्रत्येक ट्रान्सपॉन्डरला फ्रिक्वेन्सीचा आकडा. उदाहरणार्थ ११०९० मेगाहर्ट्झ. आपल्या बॉक्समध्ये कोणता प्रवासी कोणत्या गाडीत बसलाय याची यादी साठवलेली असते. आपण रिमोटवर सह्याद्रीचा नंबर दाबला की बॉक्स यादी पाहतो, ती गाडी गाठतो आणि त्यातून एकच प्रवासी उतरवून घेतो.

एवढं समजलं की चॅनल 'जाण्याचे' चार वेगळे प्रकार दिसायला लागतात. सगळे प्रवासी गायब, म्हणजे रस्ताच बंद: छत्री, वायर किंवा वीज यांत कुठेतरी बिघाड. एका गाडीतले सगळे गायब, बाकीच्या गाड्या व्यवस्थित, म्हणजे त्या गाडीचा सिग्नल आपल्यापर्यंत कमी पोहोचतोय. एखाद-दुसराच प्रवासी गायब, तर त्याने गाडी बदललेली असते आणि आपली यादी जुनी असते. किंवा त्याने या रस्त्याने प्रवास करणंच सोडलेलं असतं.

मेकॅनिक असो, शेजारचा हुशार मुलगा असो, नाहीतर आपण स्वतः, सगळे थेट बॉक्सच्या मेनूत शिरतात किंवा शिडी लावून वर चढतात. त्याआधी पाच मिनिटं खाली बसून, वही घेऊन, काय दिसतंय आणि काय दिसत नाही ते लिहून काढलं तर निम्मं काम तिथेच होतं. चॅनल नंबर एकपासून पुढे जात राहायचं. दिसतो त्यापुढे बरोबरची खूण, दिसत नाही त्यापुढे फुली. हे काम मुलांना द्या, ती आनंदाने करतात. दिवसाची वेळ आणि बाहेर ऊन आहे की पाऊस तेही बाजूला लिहायला सांगा. त्याचा उपयोग पुढे कळेल.

माझी स्वतःची चूक

हे शहाणपण मला कुठून आलं तेही सांगते. आमच्या घरीही फ्री डिशच आहे. सासूबाई सकाळी कीर्तन ऐकतात. एकदा जोराच्या पावसात 'सिग्नल नाही' असं आलं. मी पटकन मेनूत गेले, 'ऑटो स्कॅन' दाबलं. बॉक्स बराच वेळ शोधत राहिला आणि शेवटी म्हणाला, सापडलेले चॅनल शून्य. मी ओके दाबलं. पाऊस थांबला, पण चॅनल काही आले नाहीत, कारण जुनी यादी मीच पुसून टाकली होती!

मोठा पाऊस, काळे दाट ढग असताना सिग्नल जाणं हा बिघाड नाही. फ्री डिशच्या लहरींची लांबी पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास असते, आणि पावसाच्या थेंबांत त्यांची बरीच शक्ती शोषली जाते, विखुरते. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. तेव्हा काहीही दाबायचं नाही. स्कॅनिंगचा पहिला नियम हाच: सिग्नल चांगला असतानाच स्कॅन करा. बऱ्याच बॉक्समध्ये स्कॅन सुरू करताच जुनी यादी जाते आणि त्या वेळी जे सापडेल तेवढंच उरतं. 'फॅक्टरी रिसेट'चंही तेच. त्याने यादीबरोबर तुमच्या बाकीच्या सेटिंगही जातात. तो शेवटचा उपाय आहे, पण लोक तो पहिला करतात.

स्कॅन केव्हा आणि कसं

तुमच्या वहीत जर असं दिसलं की बहुतेक चॅनल स्वच्छ आहेत आणि एखाद-दुसराच गेला आहे, तर स्कॅन करा. प्रसार भारती वेळोवेळी चॅनल एका ट्रान्सपॉन्डरवरून दुसऱ्यावर हलवते, कधी फ्रिक्वेन्सीही बदलतात. तेव्हा बॉक्सला नवी यादी द्यावीच लागते.

रिमोटवर 'मेनू' दाबा. 'इन्स्टॉलेशन' किंवा 'अँटेना सेटअप' असं काहीतरी लिहिलेलं असेल, कंपनीप्रमाणे शब्द बदलतो. पासवर्ड मागितला तर बहुतेक बॉक्सवर चार शून्यं किंवा १२३४ चालतं. उपग्रहाच्या जागी जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व निवडा. जुन्या बॉक्समध्ये इन्सॅट-४बी असं नाव असेल तर घाबरू नका, तो जुना उपग्रहही याच जागी होता. एलएनबीचा प्रकार 'युनिव्हर्सल' किंवा ९७५०-१०६०० ठेवा. 'एलएनबी पॉवर' चालू हवी. एकच छत्री आणि एकच बॉक्स असेल तर 'डायसेक' बंद. 'नेटवर्क सर्च' असा पर्याय असेल तर तो चालू करा, म्हणजे एका गाडीत बसलेल्या यादीतून बॉक्सला बाकीच्या गाड्यांचे नंबरही कळतात.

९७५० हा आकडा कसला, असं मुलं हमखास विचारतात. छत्रीच्या पुढे दांड्यावर जे छोटं नळकांडं असतं ते एलएनबी. उपग्रहाकडून येणारी ११०९० ची लहर वायरीतून खाली आणता येत नाही, वाटेतच विरून जाईल. म्हणून एलएनबी त्यातून ९७५० वजा करतो. ११०९० वजा ९७५० म्हणजे १३४०. हा लहान आकडा वायरीतून येतो. बॉक्सला साधारण ९५० ते २१५० या आकड्यांमधलंच ऐकू येतं. आता कुणी चुकून एलएनबीच्या जागी नुसतं १०६०० निवडलं तर? बॉक्स ४९० वर शोधत बसेल, आणि ४९० त्याच्या कानाबाहेर आहे. छत्री ठीक, वायर ठीक, तरी सगळं गायब. घरातल्या लहानग्याने रिमोटशी खेळल्यावर 'सगळे चॅनल गेले' अशी जी तक्रार येते, तिच्यात पुष्कळदा एवढंच झालेलं असतं.

ही वजाबाकी मी पाचवीला फळ्यावर करून घेतली आहे. घरातल्या टीव्हीचं गणित म्हटल्यावर एरवी मागे बसणारी पोरंही पुढे आली.

स्कॅन करूनही एखादा ट्रान्सपॉन्डर सापडत नसेल तर त्याची फ्रिक्वेन्सी हाताने घालता येते. फ्री डिशच्या ११०९० साठी ध्रुवण 'व्ही', म्हणजे व्हर्टिकल, आणि सिम्बॉल रेट २९५००. मात्र कुठल्यातरी जुन्या व्हिडिओतून उतरवलेले आकडे घालत बसू नका. प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर फ्री डिशची ताजी यादी असते, ती पाहा.

दोन पट्ट्या, दोन अर्थ

सगळे चॅनल गेलेत किंवा एक पूर्ण गठ्ठा गेलाय, असं वहीत दिसलं तर स्कॅन करू नका. मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात: 'स्ट्रेंथ' आणि 'क्वालिटी'. नव्वद टक्के लोक पहिलीच पाहतात, आणि फसतात.

स्ट्रेंथ एवढंच सांगते की वायरीतून काहीतरी येतंय. एलएनबीला वीज मिळाली की त्याचा स्वतःचा खरखराटही स्ट्रेंथमध्ये मोजला जातो. क्वालिटी सांगते की त्या खरखराटातून कामाचं बोलणं ऐकू येतंय का. वर्गात पोरांचा गोंगाट भरपूर असतो तेव्हा स्ट्रेंथ जास्त असते, पण शिकवलेलं किती पोहोचलं ती क्वालिटी! (आपल्या व्यवसायातला फरक आहे हा, लगेच समजेल.)

दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर वायर तुटली आहे, कनेक्टर सुटला आहे किंवा एलएनबी गेला आहे. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर वायर बहुधा ठीक आहे, छत्रीचं तोंड फिरलं आहे किंवा सेटिंग चुकलं आहे. आणि क्वालिटी काही फ्रिक्वेन्सींवर चांगली, काहींवर काठावर असेल तर छत्री किंचितच हलली आहे किंवा वायर जुनी झाली आहे. डिजिटल चित्राचा स्वभावच असा, की ते हळूहळू खराब होत नाही. जुन्या अँटेनावर चित्राला मुंग्या येत, तरी बातम्या ऐकू येत. इथे काठाच्या वर असेपर्यंत स्वच्छ चित्र, काठाखाली गेलं की चौकोन चौकोन, आणि मग काहीच नाही. म्हणून छत्री थोडीशी हलली तर ज्या गाड्यांचा सिग्नल मुळात जेमतेम होता त्या आधी जातात आणि जोरदार असलेल्या दिसत राहतात. आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे: सिनेमा एका गाडीत होता आणि शाळा दुसऱ्या.

वायरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सर्वाधिक बिघाड तिथेच पाहिले आहेत. दोष छत्रीत नसतो, एलएनबीला जिथे वायर जोडली आहे त्या पितळी कनेक्टरमध्ये असतो. पावसाचं पाणी तिथून आत शिरतं, तांब्याची तार हिरवी पडते, वरची जाळी काळी पडते. अशा वायरीतून मोठे आकडे आधी मरतात. मघाची वजाबाकी आठवा: ११५५० च्या आसपासची फ्रिक्वेन्सी असेल तर वायरीतून १८०० येतात, ११०९० चे १३४०. १८०० ची लहर त्याच वायरीत जास्त विरते. म्हणून जुन्या, भिजलेल्या वायरीवर खालच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल दिसतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचे जातात. उपाय स्वस्त आहे. आधी बॉक्सचं बटण बंद करून प्लग काढा, कारण त्या वायरीतून एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट वीज जात असते आणि तार जाळीला टेकली तर बॉक्स खरंच जळू शकतो. वायरीचं खराब टोक चार बोटं कापून टाका, स्वच्छ तांबं दिसेपर्यंत. नवा कनेक्टर बसवा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. वायर कनेक्टरपाशी खाली लोंबेल असा वळसा ठेवा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जाईल. मग चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. बस.

छत्री हलवायची असेल तर

आधी एक ताकीद. ओल्या गच्चीवर, पत्र्यावर, विजा चमकत असताना किंवा वरून विजेची तार गेली असेल तिथे चढू नका. मुलांना तर कधीच चढवू नका. एक दिवस टीव्ही नसला तर काही बिघडत नाही.

महाराष्ट्रातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो. पुण्यातून पाहिलं तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंश, नागपुरातून सुमारे १४४. क्षितिजापासूनची उंची दोन्हीकडे ६० अंशांच्या आसपास. मोबाईलमधलं होकायंत्र चालतं, फक्त ते लोखंडी छत्रीला चिकटवून धरू नका, चार पावलं लांब उभे राहा. आणि छत्री पाहून "ही तर साठ अंश वर बघतच नाहीये" असं म्हणून ती आडवी करू नका. आपल्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, त्यांचा दांडा खालून येतो, म्हणून त्या दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतात.

किती हलवायचं? ६० सेंटीमीटरच्या छत्रीचा सिग्नल पकडण्याचा पट्टा तीन अंशांच्या आसपास असतो, आणि छत्रीची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की एक अंश होतो. म्हणजे बोटभर सरकलं की खेळ खलास. म्हणून नटबोल्ट पूर्ण सैल करू नका. छत्री आत्ता जिथे आहे तिथे पेनाने खूण करा, बोल्ट किंचित सैल करा, अगदी थोडी हलवा, आणि तीन-चार सेकंद थांबा. खाली एकजण फोनवर क्वालिटीचा आकडा सांगत असावा. बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो. घाईने छत्री फिरवत राहणाऱ्याच्या समोरून उपग्रह निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. जो ट्रान्सपॉन्डर सगळ्यात अशक्त आहे तोच पडद्यावर ठेवून छत्री लावा, दणकट असलेल्यावर लावून उपयोग नाही.

समोर झाड वाढलंय का हे पाहण्याची एक सुंदर युक्ती आहे, आणि ती भूगोलाचा तासही होते. दरवर्षी मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात या दिवसांत महाराष्ट्रातून पाहताना सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो, सकाळी अकराच्या सुमारास. त्या काही दिवसांत अकराच्या आसपास काही मिनिटं चित्र बिघडलं तर तो छत्रीचा दोष नाही. सूर्याच्या स्वतःच्या लहरींनी छत्रीचे कान बधिर होतात, एवढंच. त्याच वेळी गच्चीवर जाऊन पाहा: छत्रीवर स्वच्छ ऊन असेल तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. आंब्याच्या फांदीची सावली छत्रीवर पडली असेल तर तीच फांदी सिग्नलही अडवते आहे. पावसाळ्यात पालवी दाट झाली, पानं भिजली की चॅनल जाणार.

जे चॅनल परत येणारच नाहीत

काही वेळा सगळं ठीक असतं, स्कॅनही झालेलं असतं, आणि चॅनल नसतोच. खासगी चॅनलना फ्री डिशवर जागा लिलावाने मिळते, आणि ती मुदतीची असते. बहुतेक मुदती ३१ मार्चला संपतात. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल हे लोकप्रिय चॅनल एकाच वेळी फ्री डिशवरून गेले. त्यांच्या मालकांनीच जागा सोडली होती. अशा वेळी छत्री कितीही फिरवली तरी उपयोग नाही. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चॅनल गेला तर आधी प्रसार भारतीची यादी पाहा, शिडी नंतर.

याच वेळी गावात फिरणारे काही जण "रिचार्ज संपलाय, तीनशे रुपये द्या, चालू करून देतो" म्हणतात. फ्री डिशला रिचार्ज नसतो. एक पैसाही देऊ नका. आपल्या पालकांना हे एवढं वाक्य तरी नक्की सांगा.

शिक्षकांसाठी महत्त्वाची गोष्ट: स्वयंप्रभा (२०१७ पासून) आणि पीएम ई-विद्याच्या 'एक वर्ग, एक वाहिनी' (२०२० पासून) या शैक्षणिक वाहिन्या शोधत असाल तर बॉक्स कोणता आहे ते पाहा. यातल्या बऱ्याच वाहिन्या एमपेग-४ या नव्या पद्धतीने येतात. जुना, एमपेग-२ वाला बॉक्स त्या वाचू शकत नाही. मग नावच सापडत नाही किंवा नाव दिसतं आणि पडदा काळा राहतो. इथे मात्र मेकॅनिकचं "नवा बॉक्स घ्या" हे वाक्य खरं असतं. विकत घेताना खोक्यावर एमपेग-४ असं लिहिलेलं आहे ना, तेवढं पाहून घ्या. सह्याद्रीसारखी वाहिनी पाहायला जुना बॉक्स पुरतो.

आता त्या मुलीकडे परत जाऊ. मी तिला वही दिली आणि आठवडाभर खुणा करायला सांगितल्या. चौथ्या दिवशीच तिने वही पुढे केली. "बाई, आई कपडे धुते त्या दिवशी जातं. संध्याकाळी परत येतं." मी वर पाहिलं. छत्रीच्या पाइपाला एक दोरी बांधलेली होती, दुसरं टोक समोरच्या खांबाला, आणि त्यावर दोन भिजलेल्या चादरी. ओल्या कपड्यांच्या वजनाने पाइप इतका थोडा वाकत होता की डोळ्यांना दिसत नव्हता. कपडे वाळले, वजन गेलं, की पाइप आपल्या जागी आणि सह्याद्रीही.

दोरी सोडून जांभळीला बांधली. तिच्या वडिलांनी पाइपाचा बोल्ट आवळला, ती खाली उभी राहून क्वालिटीचा आकडा ओरडत होती. खर्च शून्य. तो 'खराब झालेला' बॉक्स नंतर कितीतरी दिवस चालला. तिच्या वहीतलं ते पान मी मागून घेतलं, आणि आधी रागावले होते त्याबद्दल तिची माफीही मागितली. बॉक्सच्या मागे आम्ही एक चिठ्ठी चिकटवली: उपग्रह ९३.५ पूर्व, एलएनबी ९७५०-१०६००, सह्याद्रीचा चॅनल नंबर, आणि शेवटी तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पाइपाला दोरी बांधू नये.'